स्प्लेंडरचं काम घरी करायचंय? आधी चेन, मग ऑइल, टॅपेटला सध्या हात नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडिलांची 2017 ची स्प्लेंडर प्लस आता तुमच्याकडे आलीय, पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, दर सर्व्हिसिंगला बिल वाढतंय आणि नक्की काय काम केलं ते कळत नाही, चेन कव्हरमधून खर्र खर्र आवाज येतोय, तर घरी काय काय करता येईल, पाने कुठले घ्यायचे आणि व्हिडिओ बघून टॅपेट (इंजिनातल्या व्हॉल्व्हचा गॅप) सेट करावेत का. मी गॅरेजवाला आहे, त्यामुळे मी तुम्हाला गॅरेजला येऊ नका म्हणून सांगणं जरा विचित्र वाटेल, पण खरं सांगू का, आमचा धंदा तुमच्या ऑइल बदलण्यावर चालत नाही आणि ज्या गाडीकडे मालकाने वर्षभर बघितलेलंच नाही ती गाडी खोलायला आम्हालाच सगळ्यात जास्त जीवावर येतं, गंजलेला प्रत्येक बोल्ट शिव्या घालत सोडवायचा आणि वर बिलावरून वाद.

घरी काम करून गाडी बिघडते ती कशामुळे, ते आधी सांगतो. अज्ञानामुळे फार कमी. जास्त करून बिघडते ती जोर लावल्यामुळे. इंजिन ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा, तुम्ही लांब पान्याने कचकचून आवळला की बोल्टला काही होत नाही, आतले आटे निघतात. मग ऑइलचा थेंब थेंब गळायला लागतो, मग अजून आवळायचा, मग आटे पूर्ण जातात आणि गाडी लेथवाल्याकडे नवीन आटे पाडायला किंवा हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची स्प्रिंग) बसवायला. दहा वीस रुपयांच्या वॉशरचं काम हजारात जातं. म्हणून माझ्याकडे नवीन पोरगं आलं की त्याला पहिले काही दिवस मी फक्त नट सोडायला देतो, आवळायला नाही.

पाने कुठले घ्यायचे तर गाडीसोबत जे टूलकिट येतं ते रस्त्यात अडकलात तर ठीक, रोजच्या कामाला नाही, तो पत्रा वाकतो आणि बोल्टच्या कडा गोल करून ठेवतो. तापडियाचा रिंग पान्यांचा सेट घ्या (आपल्या नाशिकचीच कंपनी), त्यात दहा, बारा, चौदा, सतरा हे नंबर सतत लागणार, एक चांगला फुली स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, सोळा नंबरचा प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), हवेचा गेज आणि साधा मल्टिमीटर. एवढ्याने घरची नव्वद टक्के कामं होतात. टॉर्क रेंच परवडत असेल तर घ्या, नसेल तर पाना डोक्याजवळ धरून आवळायची सवय लावा, शेवटाला धरून नाही, म्हणजे लिव्हरेज आपोआप कमी मिळतं. दहा नंबर डोक्याचे जे छोटे बोल्ट असतात ना, सहा एमएमचे, त्यांना साधारण 10 न्यूटन मीटर पुरतं आणि ते किती कमी असतं हे टॉर्क रेंचचा खट आवाज एकदा ऐकल्याशिवाय कळत नाही. ऑनलाइन मिळणारा तो 46 तुकड्यांचा डबा शक्यतो नको, त्यातले अर्धे सॉकेट तुम्हाला आयुष्यात लागणार नाहीत आणि लागेल तो नेमका फाटेल.

आता तुमची खर्र खर्र. न बघता सांगतो, चेन. एकतर ढिली होऊन कव्हरच्या पत्र्याला घासतेय नाहीतर कोरडी पडलीय, बहुतेक दोन्ही. स्प्लेंडरची चेन पूर्ण पत्र्याच्या कव्हरमध्ये बंद असते, हे आपल्या धुळीच्या आणि चिखलाच्या रस्त्यांना फार छान आहे पण त्याचा तोटा असा की ती दिसत नाही म्हणून कोणी बघत नाही. कव्हरच्या खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं, ते काढा, गाडी न्यूट्रलमध्ये, बोट किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून चेन वरखाली करून बघा. साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हलायला पाहिजे, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे तोच धरा. आणि हे एकाच जागी बघून थांबू नका, मागचं चाक हाताने थोडं थोडं फिरवून चार पाच जागी बघा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी वाढत नाही, एखाद्या जागी ताठ असते आणि दुसरीकडे लोंबत असते. ॲडजस्ट करायची ती नेहमी ताठ जागेवर. लोंबत्या जागेवर ताणलीत तर ताठ जागेवर ती बेरिंगला खेचते.

ताणायची कशी. मेन स्टँडवर गाडी, मागच्या एक्सलचा नट ढिला करा, आणि इथे शंभरातले नव्वद लोक चुकतात, चेनच्या बाजूला त्या एक्सल नटच्या आत अजून एक मोठा नट असतो, स्लीव्ह नट, तो पण ढिला करायचा. तो तसाच ठेवून ॲडजस्टर फिरवलात तर चाक सरकतं पण मागचा स्पॉकेट (ज्या दातेरी चकतीवर चेन फिरते ती) सरळ सरकत नाही, आणि मग चेन नवी टाकूनही आवाज करते आणि दोष चेनच्या कंपनीला. दोन्ही बाजूचे ॲडजस्टर थोडे थोडे फिरवायचे, स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणारे दांडे) दोन्हीकडे खुणा आहेत, डावीकडे जितक्यावी खूण तितक्यावीच उजवीकडे. मग आधी स्लीव्ह नट, मग एक्सल नट आवळायचा आणि परत एकदा चेन बघायची, कारण आवळताना ती थोडी ताणते.

एवढं झालं की लोक खुश होऊन चक्कर मारायला जातात. थांबा. चाक मागे सरकलं म्हणजे मागच्या ब्रेकचा रॉड पण ताणला गेला, पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) कमी झाला, ब्रेक चाकाला धरून राहील, ड्रम तापेल आणि ॲव्हरेज पडेल. म्हणून चेनचं काम केलं की मागचा ब्रेक ॲडजस्ट करायचाच, हे एकच काम आहे असं समजा. पेडल दोन ते तीन सेंटीमीटर खाली गेल्यावर ब्रेक लागायला सुरुवात व्हावी आणि पाय काढला की चाक हाताने मोकळं फिरावं. ॲडजस्टिंग नटला एका बाजूला खाच असते, ती ब्रेक आर्मच्या गोल पिनवर नीट बसली पाहिजे, अर्धवट फिरवून ठेवलात तर पहिल्या खड्ड्यात ती खटकन बसते आणि ब्रेक ढिला. आणि मग ब्रेक लाइट वेळेवर लागतोय ना तेही बघा, त्याचा स्विच त्याच बाजूला आहे.

चेन साफ करायला कव्हरचे दोन्ही भाग काढावे लागतात, ते दहाचे बोल्ट आहेत, कुठला बोल्ट कुठला ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा. रॉकेल आता सहज मिळत नाही तर डिझेल चालतं, जुना टूथब्रश, जुनी बनियन. पेट्रोल नको, एकतर ते पार्किंगमध्ये उघडं ठेवायची गोष्ट नाही आणि ज्या गाड्यांना ओ रिंगची चेन असते तिची रबरं त्याने खराब होतात. पुसून कोरडी झाली की 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे, चेनच्या आतल्या बाजूने, चाक मागे फिरवत, शक्य असेल तर गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना, म्हणजे ते रोलरच्या आत मुरतं. रात्रभर ठेवा, सकाळी जास्तीचं पुसून घ्या. इंजिनातून निघालेलं जळकं ऑइल चेनला लावायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे, फुकट मिळतं म्हणून. त्यात इंजिनातला लोखंडाचा बारीक चुरा असतो राव, ते लावणं म्हणजे चेनला पॉलिश पेपर घासणं.

आणि एक गोष्ट ओरडून सांगतो. चेन साफ करताना इंजिन बंद. गाडी मेन स्टँडवर लावून, चालू करून, पहिल्या गिअरमध्ये टाकून फडकं धरलं की चेन आपोआप पुसली जाते हे व्हिडिओत दिसतं, सोपं वाटतं. फडकं स्पॉकेटमध्ये अडकतं आणि सोबत बोट नेतं. आमच्या धंद्यात अर्ध्या बोटाची माणसं भेटतात ती बहुतेक याच कामाची.

स्पॉकेटचे दात हुकासारखे एका बाजूला वाकलेले दिसले, किंवा मागच्या स्पॉकेटच्या एकदम मागच्या टोकाला चेन हाताने ओढली आणि ती दातावरून अर्धी वर उचलली गेली, तर ॲडजस्टमेंट विसरा, सेट संपला. बदलायचा तर तिन्ही एकदम, चेन आणि दोन्ही स्पॉकेट, नुसती चेन टाकलीत तर जुने दात नव्या चेनला लवकर खातात. नाना पेठेत सगळं मिळतं पण ओळखीच्या दुकानातून घ्या, पाकिटाचा कागद हुबेहूब छापणारे लोक आहेत. आणि घरी बसवलात तर जोडलॉकची (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) जी क्लिप असते तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला. उलटं बसलं आणि कशाला घासलं की क्लिप निघते.

आता ऑइल. स्प्लेंडरमध्ये जेमतेम लिटरभर ऑइल असतं आणि तेच इंजिनला, तेच गिअरला, तेच क्लचला. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए 2 लिहिलेलं असलं पाहिजे, तुमच्या गाडीला 10डब्ल्यू 30 ग्रेडचं. भाऊच्या कारचं उरलेलं ऑइल टाकू नका, कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करायचे पदार्थ घातलेले असू शकतात आणि आपली क्लच प्लेट त्याच ऑइलात बुडालेली असते, ती घसरायला लागते, रेस वाढतो पण गाडी पळत नाही. आणि जासो एमबी लिहिलेला डबा गिअर नसलेल्या स्कूटरचा, तिचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला चालतं. दुसरी गोष्ट, एकूण ऑइलच एवढं कमी की त्यातलं पाव लिटर कमी झालं तर पाव इंजिन उपाशी. लोक ऑइल बदलतात पण मधे कधी ऑइलची पातळी मोजायची काडी बाहेर काढून बघत नाहीत, आणि जुन्या गाड्या थोडं थोडं पितातच. इंजिन सीज (जाम) होऊन टेम्पोतून येणाऱ्या गाड्यांमध्ये ऑइल जुनं असण्यापेक्षा ऑइल नसणं हेच कारण जास्त सापडतं. महिन्यातून एकदा काडी बघा, हे मी ऑइल बदलण्याच्या वर ठेवीन.

काडी बघायची पद्धत पण बरेच जण चुकतात. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, साइड स्टँडवर अजिबात नाही, दोन तीन मिनिटं इंजिन चालू, बंद करून दोन तीन मिनिटं थांबा, उजवीकडची काडी काढून पुसा आणि परत घालताना आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची, मग काढून लेव्हल बघायची. पूर्ण आवळून बघितलं तर काडी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

बदलताना इंजिन कोमट असावं, उकळतं नाही, दहा मिनिटं फिरून या. खाली जुनं पसरट भांडं, इंजिनच्या खाली सतरा नंबरचा ड्रेन बोल्ट, काडी आधीच काढून ठेवा म्हणजे हवा जाऊन ऑइल धारेने पडतं. शेवटचे थेंब पडेपर्यंत चहा घ्या. बोल्टचा वॉशर नवीन टाका, दहा वीस रुपयांत मिळतो, जुना दबलेला असतो म्हणून गळतो आणि गळतो म्हणून लोक जास्त आवळतात, आणि मग वर सांगितलेली लेथवाल्याची गोष्ट. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, सुरुवातीलाच पाना लागत असेल तर तो तिरका बसलाय, काढा आणि परत लावा. ऑइल थोडं कमीच भरा, चालू करा, काडीवर बघत बघत खुणेपर्यंत आणा. खुणेच्या वर नको, जास्त ऑइलने गाडी जड चालते आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर काढणारी नळी) ते एअर फिल्टरकडे येतं.

या इंजिनला कारसारखा बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नाही, आत जाळी आहे आणि क्लचच्या बाजूला फिरणारा फिल्टर, ज्यात गाळ कडेला फेकला जाऊन साठतो. तो साफ करायला क्लच कव्हर उघडावं लागतं, गॅस्केट लागतं, ते गॅरेजचं काम, पण गॅरेजला देताना तोंडाने मागून घ्या, नाहीतर वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. पल्सर किंवा दुसरी कुठली गाडी असेल तर तिची रचना वेगळी, तिचं मॅन्युअल बघायचं. किती किलोमीटरला बदलायचं यावर भांडणं होतात, कंपनीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहेच, माझं मत असं की पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या जुन्या गाडीला तीन हजारांच्या आसपास बदललेलं बरं.

प्लग सोपा आहे. इंजिन पूर्ण थंड, आधी प्लगच्या भोवतीची माती फुंकून किंवा ब्रशने काढा नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं छान, कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय, ओलं तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय आणि ते घरचं काम नाही. गॅप 0.8 ते 0.9 मिलिमीटर, फीलर गेजने. परत लावताना आधी फक्त बोटांनी फिरवा, नवीन प्लग असेल तर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा, जुनाच लावत असाल तर त्याहून खूप कमी. इथले आटे गेले तर हेड काढावं लागतं. एअर फिल्टर उघडून बघा, फोमचा असेल तर धुऊन, सुकवून, थोडं ऑइल लावून पिळून परत. कागदी असेल तर धुवायचा नाही, आणि कागद तेलकट लागत असेल तर झटकायचा किंवा हवा मारायचा पण नाही, तो तसाच असतो, मुदत झाली की बदलायचा.

केबल हा विषय लोक विसरतात. क्लच लिव्हरच्या टोकाला एक ते दीड सेंटीमीटर मोकळा प्ले ठेवा, अजिबात नसेल तर प्लेट सतत थोडी सुटलेली राहून जळते. लिव्हरजवळ केबलची एखादी तार जरी तुटून बाहेर आलेली दिसली तर त्याच आठवड्यात बदला. कोकणात वगैरे लांब जात असाल तर नवीन क्लच केबल जुन्या केबलच्या बाजूनेच टाय लावून नेऊन ठेवा, तुटली की फक्त दोन टोकं बदलायची.

ब्रेक शू किती उरलेत ते बघायला ड्रम उघडावा लागत नाही, ड्रमच्या बाहेर जिथे ब्रेकचा आर्म आहे तिथे बाण असतो, ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण समोरच्या खुणेला पोचला की शू संपले. बदलायचं काम पहिल्यांदा कुणाच्या तरी हाताखाली करा. आणि ड्रममधली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. चेनला स्प्रे मारताना मागच्या ड्रमच्या बाजूला कागद धरा, हे वेगळं सांगायला नको.

टायरची हवा गार टायरवर, तुमच्या गाडीला एकट्यासाठी पुढे 25 मागे 28 पीएसआय, डबल सीट असेल तर मागे जास्त, स्टिकरवर लिहिलंय. टायरच्या भिंतीवर चार आकडे शोधा, 1819 असेल तर 2019 सालचा अठरावा आठवडा. वडिलांची गाडी कमी चाललेली असेल तर नक्षी छान दिसेल पण रबर कडक झालेलं असेल, पावसाळ्याआधी हे बघाच. बॅटरीवर मल्टिमीटर लावा, रात्रभर उभी असताना 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, गाडी चालू करून रेस वाढवल्यावर 14 च्या जवळ जायला पाहिजे, नाही गेली तर बॅटरी बदलून पैसे वाया घालवू नका, चार्जिंगमध्ये घोळ आहे. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

टॅपेट. नका करू, निदान या वर्षी तरी. काम अवघड नाही, पण इंजिन पूर्ण थंड पाहिजे, पिस्टन बरोबर वर आणि तोही कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पाहिजे, आणि गॅप एका केसाएवढा. ढिला राहिला तर टिकटिक आवाज येतो, तो कानाला खटकतो म्हणून लोक तो बंद होईपर्यंत घट्ट करतात, आणि घट्ट टॅपेट आवाज करत नाही, गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. थोडा आवाज करणारा टॅपेट परवडला. एकदा गॅरेजमध्ये शेजारी उभं राहून बघा, मेकॅनिक नाही म्हणाला तर दुसरा बघा. कार्ब्युरेटरचा फक्त आयडलचा स्क्रू तुमचा, हवेच्या स्क्रूला हात लावायचाच असेल तर आधी तो पूर्ण आत किती फेऱ्यात जातो ते मोजून लिहून ठेवा. फोर्कचं ऑइल, क्लच प्लेट, स्पोकचं चाक सरळ करणं, हेही बाहेरच. तुमच्या मित्राची बीएस 6 गाडी असेल, एप्रिल 2020 नंतरची, तर तिला बहुतेक इंजेक्शन असतं, तिथे चेन, ऑइल, ब्रेक, हवा एवढंच करायचं, सेन्सरच्या वायरी ओढायच्या नाहीत. आणि वॉरंटीतल्या गाडीच्या फ्री सर्व्हिसिंग कंपनीच्याच सेंटरला.

सोसायटीचं म्हणाल तर खाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरा, फरशीवर ऑइलचा एक डाग पडला की पुढची मीटिंग तुमच्यावरच. बंद बेसमेंट असेल तर इंजिन जास्त वेळ चालू ठेवू नका, धूर जीवघेणा असतो. निघालेलं ऑइल नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरून कुठल्याही गॅरेजला द्या, आम्ही ते पिंपात साठवतो आणि घेणारे येऊन घेऊन जातात, गटारात ओतू नका. आणि साइड कव्हरच्या आतून एक पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने किलोमीटर लिहीत जा, ऑइल कधी, चेन कधी, प्लग कधी. पुढच्या वेळी गॅरेजचं बिल आलं की ती पट्टी मेकॅनिकला दाखवायची, प्लग दोन महिन्यांपूर्वी बदललेला असेल तर तो परत बिलात येणार नाही.